ग्रॅनाडाला वीकेंडला जाताय? आधी अल्हाम्ब्राचं तिकीट, मग बाकी सगळं

ऑक्टोबरला विद्यार्थ्यांची नवीन बॅच जर्मनीत येते आणि नोव्हेंबर संपेपर्यंत कुणीतरी विचारतंच, ताई, दोनच दिवस आहेत, सोमवारी लॅब आहे, स्वस्तात कुठे जाऊन येता येईल? माझं उत्तर गेली दोन वर्षं एकच आहे, दक्षिण स्पेनमधलं ग्रॅनाडा. बार्सिलोना-माद्रिद मोठी शहरं आहेत, दोन दिवसांत नुसती मेट्रोच बघून होते. ग्रॅनाडा मात्र पायी फिरण्याएवढं आहे, विद्यार्थ्यांचं शहर आहे (तिथली युनिव्हर्सिटी १५३१ची), खाणं खिशाला परवडतं, आणि अल्हाम्ब्रा आहे, म्हणजे टेकडीवरचा सुलतानांचा जुना किल्ला आणि महाल. मी दोनदा गेले, पहिल्या वेळी काय चुकलं आणि दुसऱ्या वेळी काय जमलं ते सगळं नीट क्रमाने लिहितेय म्हणजे तुमचं पहिल्याच वेळी जमेल.

पहिल्या वेळी आम्ही चौघं गेलो, फ्लाइट काढली, हॉस्टेल काढलं, आणि तिकिटाचं काय, ते तिथे जाऊन काढू असं म्हटलं. शनिवारी सकाळी चढ चढून वर गेलो तर त्या दिवसाची तिकिटं कधीच संपलेली. आत नासरिद पॅलेस, म्हणजे नासरिद सुलतानांचे महाल, आणि बाहेर आम्ही. म्हणून आता मी सगळ्यांना उलट्या क्रमाने प्लॅन करायला सांगते, आधी अल्हाम्ब्राचं तिकीट, मग त्या तारखेप्रमाणे फ्लाइट, मग राहायचं. बाकी काहीही मागेपुढे झालं तरी चालतं, हे नाही.

पहिली स्टेप : कागदपत्रं

जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, इटली अशा शेंगेन देशात (व्हिसाच्या बाबतीत एकत्र असलेले युरोपीय देश) शिकत असाल आणि तिथलं रेसिडेन्स परमिट हातात असेल तर स्पेनसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. पण पासपोर्ट आणि परमिटचं कार्ड दोन्ही ओरिजिनल सोबत हवं, फोनमधला फोटो चालत नाही. "शेंगेनमध्ये कोण चेक करतंय" असं सिनियर सांगतील, ऐकू नका, आम्हाला परतताना बोर्डिंगच्या वेळी दोन्ही दाखवावं लागलं.

युके किंवा आयर्लंडमध्ये शिकणाऱ्यांसाठी हे नाही बरं का. ते दोन्ही देश शेंगेनमध्ये नाहीत, भारतीय पासपोर्टवर तुम्हाला शेंगेन व्हिसा काढावाच लागेल आणि अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, त्यामुळे वीकेंड ट्रिप म्हणून नाही तर महिना-दोन महिने आधीपासून तयारी करा. आणि तुमचं परमिट रिन्यूअलला टाकलेलं असेल, हातात नुसतं पत्र असेल, तर त्या पत्रावर बाहेर जाऊन परत आत येता येतं का हे आधी आपल्या परदेशी नागरिक कार्यालयात विचारून घ्या, पत्रांचे प्रकार वेगवेगळे असतात.

जर्मन सरकारी हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड असेल तर उलटून बघा, मागच्या बाजूला युरोपियन कार्ड असतं, स्पेनच्या सरकारी दवाखान्यात तेच चालतं. सिमचं टेन्शन नाही, २०१७पासून युरोपियन युनियनमध्ये रोमिंगचे जास्तीचे पैसे लागत नाहीत.

दुसरी स्टेप : तिकीट, आणि इथे घाई करू नका

तिकीट फक्त ऑफिशियल साइटवरून काढा, पात्रोनातो दे ला अल्हाम्ब्रा इ हेनेरालीफे असं त्या संस्थेचं नाव आहे. सर्च केलं की वर आधी रिसेलर येतात, तेच तिकीट दुप्पट किमतीला. जनरल तिकीट साधारण वीस युरोच्या आसपास पडतं, त्यात तीन गोष्टी येतात, अल्काझाबा म्हणजे जुना किल्ला, नासरिद पॅलेस, आणि हेनेरालीफे म्हणजे बागा. "गार्डन्स" असं लिहिलेलं स्वस्त तिकीट दिसतं, त्यात नासरिद पॅलेस येत नाही, आणि खरं बघायचं तेच आहे, म्हणून वाचून मग क्लिक करा.

तिकीट नावावर असतं. पासपोर्ट नंबर टाकावा लागतो आणि आत तीन-चार ठिकाणी पासपोर्ट मागतात. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात, तर जसं छापलंय अगदी तसंच टाका, शॉर्टकट नको. ग्रुपमध्ये एकाने सगळ्यांची तिकिटं काढायची असतील तर आधी व्हॉट्सॲपवर सगळ्यांचे पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो मागवा, तोंडी नंबर सांगितले की एक आकडा चुकतोच, काम झालं की ते फोटो डिलीट पण करा.

बुक करताना नासरिद पॅलेसची वेळ निवडावी लागते. समजा १०:०० निवडलं तर १० ते साडेदहामध्येच आत शिरायचं, नंतर घेत नाहीत, विनंती करून उपयोग नाही. एकदा आत गेलात की हवा तेवढा वेळ थांबा. मी शनिवारी सकाळी साडेनऊ-दहाची वेळ घ्यायला सांगते, कारण गर्दी कमी असते, ऊन तिरपं येतं आणि दुपार मोकळी राहते. तुमच्या तारखेला काहीच दिसत नसेल तर नाद सोडू नका, रोज सकाळी एकदा बघा, मला दुसऱ्या वेळी असंच जायच्या पाच दिवस आधी मिळालं. रात्रीचं वेगळं तिकीट असतं, आणि दोब्ला दे ओरो नावाचं एक कॉम्बो आहे ज्यात समोरच्या टेकडीवरच्या अल्बाइसीन या जुन्या वस्तीतल्या वास्तूही येतात, जनरल संपलं तरी कधीकधी हे शिल्लक असतं.

तिसरी स्टेप : पोचायचं कसं

ग्रॅनाडाला छोटं एअरपोर्ट आहे पण आपल्या बजेटच्या फ्लाइट मालागाला उतरतात. तिथून ग्रॅनाडा साधारण १२५ किलोमीटर, बसने पावणेदोन-दोन तास. मालागा एअरपोर्टवरून सी१ लोकल ट्रेन घ्यायची, मारिया सांब्रानो स्टेशनला उतरायचं, बाहेर आलं की बाजूलाच बस स्टँड. आल्सा कंपनीच्या बस आहेत, ॲपवर आधी काढल्या तर बरं, शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी दुपारी सगळे विद्यार्थी घरी जात-येत असतात, बस भरतात. काही बस थेट एअरपोर्टवरूनही सुटतात, वेळ जुळली तर तीच घ्या. फ्लाइट उतरल्यापासून बसपर्यंत दीड तास तरी ठेवा, फ्लाइट लेट होणं अगदी नेहमीचं आहे.

बजेट एअरलाइनचे दोन नियम पाठ करा. एक, सीटखाली बसेल एवढीच बॅग फुकट, माप साइटवर बघून टेपने मोजा, गेटवर जास्तीचे पैसे लागले तर तेवढ्यात दोन दिवसांचं जेवण झालं असतं. दोन, पासपोर्ट युरोपियन नसेल तर बऱ्याच एअरलाइनमध्ये सिक्युरिटीच्या आधी काउंटरवर जाऊन कागद दाखवून घ्यावे लागतात, ऑनलाइन चेक-इन झालंय म्हणून सरळ गेटवर गेलात तर तिथून परत पाठवू शकतात. त्यामुळे दोन तास आधी पोचा.

चौथी स्टेप : राहायचं

नकाशात अल्बाइसीन बघून सगळ्यांना तिथेच राहावंसं वाटतं, पांढरी घरं, गल्ल्या, समोर अल्हाम्ब्रा. सुंदर आहे, पण चढ आहे आणि रस्ते गोट्यांचे, रात्री अकराला ट्रॉली ओढत चढणं म्हणजे हात भरून येतात. दोन रात्रींसाठी प्लाझा नुएवा किंवा कॅथेड्रलच्या आसपास हॉस्टेल घ्या, तिथून सगळं पायी आहे. डॉर्मचा बेड मला २० ते ३० युरोच्या मध्ये पडला. एप्रिलच्या आसपास होली वीक असतो, तेव्हा हे दर विसरा. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर जाड जॅकेट घ्या, स्पेन म्हणजे गरम असं डोक्यात असतं पण हे शहर समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या आसपास आहे आणि मागे सिएरा नेवाडा डोंगररांगेचा बर्फ, त्यात मुल्हासेन हे शिखर जवळजवळ ३,४८० मीटरचं. रात्री बोटं गारठतात. उलट जुलै-ऑगस्टला दुपारी बाहेर पडवत नाही.

पाचवी स्टेप : शनिवार, अल्हाम्ब्रा

प्लाझा नुएवावरून कुएस्ता दे गोमेरेस नावाचा चढ सुरू होतो, वीस-पंचवीस मिनिटांचा. चढवत नसेल तर सी३० नंबरची छोटी लाल बस आहे. पण मी म्हणेन चालतच जा, कारण मध्ये एक दगडी कमान लागते, पुएर्ता दे लास ग्रानादास, आणि तिच्या डोक्यावर तीन मोठी दगडी डाळिंबं आहेत, उकललेली. स्पॅनिशमध्ये ग्रानादा म्हणजे डाळिंब, शहराच्या चिन्हातही डाळिंबच. माझं आजोळ सांगोल्याकडचं, सगळीकडे डाळिंबाच्या बागा, मी त्या कमानीखाली उभी राहून मामाला व्हिडिओ कॉल लावला, तो म्हणाला जरा जवळून दाखव, आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. नंतर लक्षात आलं की फुटपाथच्या कडेच्या लोखंडी खांबांवर आणि रस्त्यांच्या नावांच्या टाइल्सवरही डाळिंबंच आहेत, एकदा दिसायला लागली की सगळीकडे दिसतात.

तिकीट फोनमध्ये आणि पासपोर्ट खिशात असेल तर मेन गेटच्या लाइनमध्ये जायची गरज नाही, पुएर्ता दे ला हुस्तिसिया नावाच्या दरवाजाने आत गेलात की नासरिद पॅलेस जवळ पडतं. मेन गेटवरून चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि इथेच लोकांची वेळ चुकते. मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत, हॉस्टेलवर ठेवून या.

नासरिद पॅलेसमध्ये फोटो काढा पण पहिली पाच मिनिटं फोन खिशात ठेवा. भिंतीवर जे नक्षीकाम वाटतं त्यातली पुष्कळशी अक्षरं आहेत, अरबीत, "अल्लाहशिवाय दुसरा विजेता नाही" हे एकच वाक्य शेकडो वेळा. हे नासरिद घराण्याचं ब्रीद. सिंहांचा चौक म्हणजे पातिओ दे लॉस लिओनेस चौदाव्या शतकातला, पाचव्या मुहम्मदच्या काळातला, मधल्या कारंज्याला संगमरवराचे १२ सिंह, प्रत्येकाचा चेहरा थोडा वेगळा आहे, फिरून बघा. बाजूच्या दोन बहिणींच्या दालनात वर बघा, छताला पाच हजारांवर छोटे छोटे कोनाडे एकमेकांत अडकवलेत, मधाच्या पोळ्यासारखं दिसतं. मी तिथे मान दुखेपर्यंत उभी होते, एका आजींनी मला हाताने खूण करून भिंतीशी टेकायला जागा दिली.

नंतर अल्काझाबाच्या बुरुजावर जा, शहर आणि बर्फाचे डोंगर दोन्ही दिसतात. २ जानेवारी १४९२ला शेवटचा सुलतान बोआब्दिलने हे शहर स्पेनची राणी इसाबेल आणि राजा फर्नांडोच्या हवाली केलं, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये जवळच्याच सान्ता फे गावात कोलंबसचा या राजा-राणीशी सफरीचा करार झाला. आपण शाळेत कोलंबस भारत शोधायला निघाला होता असं शिकतो, तो कागद या बुरुजावरून दिसणाऱ्या सपाटीवर झालेला आहे.

शेवटी हेनेरालीफे, आणि तिथे पाण्याचा जिना चुकवू नका, एस्कालेरा देल आग्वा. जिन्याच्या दोन्ही कठड्यांवर पन्हळ कोरलेली आहे आणि त्यातून पाणी वाहतं, म्हणजे उतरताना आपण कठड्याला हात लावतो तिथे थंडगार पाणी. हे पाणी दारो नदीचं, सुमारे सहा किलोमीटर वरून कालवा काढून आणलेलं. मी हात बुडवून हळूहळू खाली आले, बाहेर ऊन रणरणत होतं. सगळं मिळून साडेतीन-चार तास धरा. पाण्याची बाटली सोबत न्या, नळाचं पाणी चांगलं आहे, विकत घेऊ नका.

सहावी स्टेप : खाणं, शाकाहारी लोकांनी नीट वाचा

ग्रॅनाडाची सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे ड्रिंक मागवलं की सोबत तापा फुकट येतो, छोटी प्लेट, आणि ही पद्धत स्पेनमध्ये सगळीकडे राहिलेली नाही. ड्रिंक म्हणजे बियरच असं नाही, मोस्तो म्हणून द्राक्षाचा रस मिळतो, कोल्ड्रिंकवरही देतात. मला एक ड्रिंक तीन युरोच्या आसपास पडलं, दोन-तीन ठिकाणी बसलं की पोट भरतं. दुसऱ्या ड्रिंकला दुसरा तापा येतो, म्हणून एकाच ठिकाणी थांबायला हरकत नाही.

पण तापा काय द्यायचा ते बऱ्याचदा तेच ठरवतात, आणि त्यात मांस असायची शक्यता जास्त. ऑर्डर देतानाच सांगायचं, "सोय वेहेतारियाना" (मुलगा असेल तर वेहेतारियानो), आणि एवढ्यावर थांबायचं नाही कारण हामोन म्हणजे डुकराचं मांस आणि आतून म्हणजे ट्यूना हे बऱ्याच जणांच्या डोक्यात मांसात मोजलंच जात नाही, भाजीवर भुरभुरून देतात. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा, "सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून, सिन पेस्कादो." पेस्कादो म्हणजे मासे. हसतमुखाने सांगितलं की काहीतरी करून देतात. अंडं खात असाल तर तोर्तिया मागवा, बटाट्याचं जाड ऑम्लेट. मात्र तोर्तिया देल साक्रोमोन्ते असं लिहिलेलं दिसलं तर लांब राहा, त्यात भेजा आणि जनावराचे तसलेच भाग असतात, आमच्यातल्या एकीने नाव बघून मागवलं आणि तिला फार त्रास झाला.

मनापासून सांगते, बेरेनहेनास कोन मिएल दे कान्या खाच. वांग्याचे काप कुरकुरीत तळलेले आणि वरून चक्क काकवी. उसाचीच काकवी, दक्षिणेच्या किनाऱ्यावर पूर्वी ऊस व्हायचा. पहिला घास घेतल्यावर मला आजीच्या हातची काकवी-भाकरी आठवली आणि आम्ही अजून एक प्लेट मागवली. काल्देरेरिया नुएवा या गल्लीत मोरोक्कन पद्धतीची चहाची दुकानं आहेत, पुदिन्याचा गोड चहा, आणि आसपास फलाफल मिळतं, पूर्ण व्हेज लोकांसाठी हीच गल्ली सोयीची. गोडात पिओनोनो, सान्ता फेचा छोटासा केक, एका घासाचा.

वेळा मात्र त्यांच्या आहेत. दुपारचं जेवण दीड ते चार, नंतर किचन बंद, रात्री साडेआठ-नऊच्या आधी काही नाही. सहा वाजता भूक लागली तर फिरत बसू नका, हॉस्टेलवर थेपले किंवा चिवडा ठेवा, खरंच उपयोगी पडतात.

सातवी स्टेप : शनिवारची संध्याकाळ

दुपारी झोपा. मग कारेरा देल दारोवरून नदीच्या कडेने चालत अल्बाइसीनमध्ये चढा, नाहीतर सी३१ बस. मिरादोर दे सान निकोलास या व्ह्यू-पॉइंटवरून समोरच्या टेकडीवर अख्खं अल्हाम्ब्रा दिसतं, सूर्य मावळताना लालसर होतं. सूर्यास्ताची वेळ फोनवर बघून निघा, जूनमध्ये साडेनऊनंतर, डिसेंबरमध्ये सहाच्या सुमाराला, फरक मोठा आहे. गर्दी खूप असते, पाकीट पुढच्या खिशात. बाजूलाच २००३मध्ये उघडलेली मशीद आहे, तिची बाग ठरावीक वेळेत सगळ्यांसाठी खुली असते, तोच व्ह्यू आणि शांतता, फक्त कपडे नीट घालून जा आणि आवाज कमी.

बाजूच्या साक्रोमोन्ते टेकडीवरच्या गुहांमध्ये फ्लेमेंको, म्हणजे इथला नाच-गाण्याचा कार्यक्रम, असतो. पैसे उरले तर एकदा बघण्यासारखा आहे, नसतील तर वाईट वाटून घेऊ नका.

आठवी स्टेप : रविवार

रविवारी सकाळी कॅथेड्रल प्रार्थनेसाठी असतं म्हणून आधी वेळा बघून घ्या. शेजारी कापिया रेआल म्हणजे शाही चॅपेल, इथे इसाबेल आणि फर्नांडो यांना पुरलंय, वरती संगमरवरी शिल्पं आणि खाली उतरून गेलं की साध्या शिशाच्या पेट्या. फोटो काढू देत नाहीत. आल्कायसेरिया या बाजाराच्या बोळात शाली, दिवे, चहा मिळतो, किंमत पहिल्या दुकानात नको, दोन दुकानं पुढे विचारा. कॅथेड्रलच्या आसपास काही बायका रोझमेरीची काडी हातात देऊ करतात, घेतली की हात धरून भविष्य सांगतात आणि पैसे मागतात, तर हात मागे घेऊन "नो, ग्रासियास" म्हणून चालत राहा, भांडायची गरज नाही.

सुपरमार्केट रविवारी बहुतेक बंद असतात, त्यामुळे परतीच्या प्रवासाचं खाणं शनिवारीच घेऊन ठेवा. ग्रॅनाडाचं बस स्टँड शहराच्या बाहेरच्या अंगाला आहे, सेंटरमधून सिटी बसने अर्धा तास धरा. फ्लाइटच्या आधी किमान साडेचार-पाच तास ग्रॅनाडा सोडा, आणि शक्य असेल तर शेवटच्या फ्लाइटचं तिकीट काढू नका, ती चुकली तर सोमवारची लॅब गेलीच. कुठेही काही झालं तर ११२, हा नंबर सगळ्या युरोपात एकच.

खर्च विचाराल तर मला दुसऱ्या वेळी फ्लाइट सोडून दोन रात्री, अल्हाम्ब्रा, बस आणि खाणं मिळून दीडशे युरोच्या आत बसलं. चौघं असाल तर खर्च त्या त्या दिवशी रात्रीच ॲपवर टाका.